ओळ कुठे तोडायची?

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रोग्रामर लोक भांडतात ते मोठमोठ्या प्रश्नांवर: कुठली भाषा वेगवान, कुठला डेटाबेस भरवशाचा. तसं भांडण वर्षाकाठी एखादं होतं. रोजची कुरबुर असते ती फार किरकोळ गोष्टीवरून. कोडची एक ओळ किती लांब असावी? ऐंशी अक्षरं, शंभर, की मनाला येईल तेवढी? आणि पडद्यात मावली नाही, तर लिहिणाऱ्याने ती तोडावी की वाचणाऱ्याच्या एडिटरने दुमडून दाखवावी?

तोडणं आणि दुमडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचे बहुतेक किस्से त्यांच्यातल्या गोंधळातूनच जन्मले आहेत. ओळ तोडली की एंटरची खूण फाइलमध्ये कायमची बसते. फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला ती तिथेच तुटलेली दिसते. दुमडली तर फाइलला धक्का लागत नाही. खिडकीच्या कडेला पोचलेली ओळ फक्त खाली वळते, आणि खिडकी रुंद केली की पुन्हा सरळ होते. आमच्यात ‘वर्ड रॅप लाव’ म्हणतात ते हेच. तोडण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा, दुमडण्याचा वाचणाऱ्याचा. एकाने दुसऱ्याच्या हक्कात हात घातला की किस्सा तयार होतो.

मी डहाणू तालुक्यातल्या चिखल्याहून काम करतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या, आणि टीम मात्र गावोगावी विखुरलेली. दिवसाचा निम्मा वेळ दुसऱ्यांचा कोड तपासण्यात जातो, उरलेल्यातला थोडा खुल्या सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात. दोन्हीकडे ओळी मोडतात, दोन्हीकडे माणसं चिडतात.

सांडलेला गठ्ठा

घोलवडला माझ्या ओळखीचे एक काका राहतात. नोकरीची सारी वर्षं मुंबईत कोबोल लिहिण्यात गेली, आता वाडी सांभाळतात. आमच्याकडे ऐंशी विरुद्ध शंभर असा वाद पेटला होता, तेव्हा मी तो त्यांच्या कानावर घातला. काका हसले.

“चैन आहे रे तुमची. आम्हाला बहात्तरच मिळायचे.”

“आणि वरचे आठ?”

“ते गठ्ठा सांडला तर लागायचे.”

गठ्ठा पंच कार्डांचा. आयबीएमने ऐंशी रकान्यांचं कार्ड आणलं १९२८ साली. एका रकान्यातल्या भोकांनी एक अक्षर बनायचं आणि एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ मावायची. म्हणजे आज आम्ही ज्या आकड्यावरून हमरीतुमरीवर येतो, तो डोळ्यांना काय सोसतं याचा अभ्यास करून कुणी काढलेला नाही. तेवढ्या पुठ्ठ्यावर भोकांचे किती रकाने बसतात, यावरून तो पडला.

कोबोल आणि फोर्ट्रानमध्ये ७३ ते ८० हे रकाने प्रोग्रामचा भाग नसत; त्यांत कार्डाचा क्रमांक पाडता येई. गठ्ठा हातातून निसटला तर सॉर्टर यंत्रात घालून कार्डं पुन्हा ओळीने लावता यायची. “आमच्यातल्या एकाने नंबर पाडायचा आळस केला होता,” काका सांगतात. “जिन्यात पाय घसरला, कार्डं खालच्या मजल्यापर्यंत. बसला वेचत आणि वाचत. त्याची संध्याकाळची गाडी गेली ती गेलीच.” हुशार मंडळी आधीच एक युक्ती करून ठेवत: गठ्ठा नीट ठोकून त्याच्या वरच्या कडेवर मार्करने एक तिरकी रेघ. कार्डं विस्कटली तरी रेघ जुळवत गेलं की क्रम सापडायचा.

पण बहात्तरच का? याचं उत्तर आयबीएम ७०४ या यंत्रात आहे. फोर्ट्रान १९५७ साली आलं ते याच यंत्रासाठी. त्याचा एक शब्द छत्तीस बिटांचा होता, आणि कार्ड वाचताना भोकांची प्रत्येक आडवी रांग दोन शब्दांत भरली जाई. छत्तीस दुणे बहात्तर. उरलेले शेवटचे आठ रकाने यंत्र वाचत नसे, म्हणून ते क्रमांकाला दिले. पुढे ७०४ भंगारात गेलं. बहात्तरचा नियम मात्र भाषांच्या व्याख्येत जाऊन बसला.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. देशभरातले संशोधक आपली गणितं तिथे सोडवून घेत, आणि फोर्ट्रान लिहिणाऱ्या त्या पिढीच्या बोटांत बहात्तरची मर्यादा मुरलेली होती. ती ओलांडणाऱ्याला यंत्र रागवत नसे, हीच खरी गोम होती. ७३व्या रकान्यात गेलेलं अक्षर ते गुपचूप गाळून टाकी. समजा ‘टोटल२’ या नावातला शेवटचा दोन रेषेपलीकडे पडला. यंत्र वाचणार ‘टोटल’. फोर्ट्रानमध्ये नावं आधी जाहीर करायची सक्ती नव्हती, त्यामुळे तक्रार शून्य. प्रोग्राम सुरळीत चालायचा आणि उत्तर चुकायचं. एका अक्षराची ही चूक शोधायला लोकांनी रात्री घालवल्या आहेत.

“दादा, फाइल उडाली!”

कार्डं गेली, टर्मिनल आली, आणि टर्मिनल बनवणाऱ्यांनी पडदाही ऐंशीच अक्षरांचा ठेवला. जुन्या ओळी त्यावर दिसायला हव्या होत्या. डेक कंपनीचं व्हीटी-१०० हे टर्मिनल १९७८चं. त्यावर ऐंशी रकाने असत आणि बटण दाबलं की १३२, कारण लाइन प्रिंटरचा कागद १३२ अक्षरांचा होता. तोवर बर्कलीत बिल जॉय यांनी व्हीआय एडिटर लिहिला होता. त्यांच्यापुढे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्याच्या एच, जे, के, एल या बटणांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही व्हीआयवाले याच अक्षरांनी वरखाली सरकतात. घरून काम करताना जॉय यांच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता. अक्षरं एकामागून एक ठिबकत. म्हणून हुकूम एकाक्षरी, आणि पडद्यावर शक्य तितकं कमी पुन्हा काढायचं.

या काटकसरीचा एक वंशज अजून लोकांना घाबरवतो. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीचा एकदा फोन आला: “दादा, फाइल उडाली! वर दोन ओळी आहेत आणि खाली नुसते ॲट, ॲट, ॲट.”

“काही दाबू नकोस. बाहेर ये आणि फाइलचा आकार बघ.”

आकार जसाच्या तसा होता. झालं होतं असं, की तिसरी ओळ अवाढव्य होती; कुठल्याशा साधनाने सगळा डेटा एकाच ओळीत कोंबला होता. व्हिमची मूळ रीत अशी, की शेवटची ओळ दुमडूनही उरलेल्या जागेत पूर्ण मावत नसेल तर ती अर्धवट दाखवायची नाही, त्या जागी @ लावून ठेवायचे. म्हणजे ‘इथे ओळ आहे, पण जागा नाही’. ‘नोरॅप’ लावल्यावर दुमडणं बंद झालं, ओळ उजवीकडे क्षितिजापर्यंत गेली आणि खालच्या ओळी पुन्हा दिसू लागल्या.

व्हिम म्हणजे ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली लोकांपुढे आणलेला आणि पुढे वाढवलेला व्हीआयचा वारस. मोलेनार ऑगस्ट २०२३मध्ये गेले. एडिटर फुकट वापरा, पण जमलं तर युगांडातल्या मुलांसाठी काही द्या, अशी विनंती त्यांनी त्यात घालून ठेवली आहे. @ पाहून शिव्या घालणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

पत्रं लिहिणाऱ्या एडिटरने कुलूप लावलं

तोडणं आणि दुमडणं यांतला गोंधळ किती महागात पडतो, ते एका ग्राहकाच्या सर्व्हरवर पाहिलं. आत येण्यासाठी नवी किल्ली बसवायची होती. एसएसएचची सार्वजनिक किल्ली म्हणजे शेकडो अक्षरांची एकच लांब ओळ. सहकाऱ्याने नॅनो एडिटर उघडला, किल्ली चिकटवली, फाइल जतन केली, जुनी किल्ली काढली आणि बाहेर पडला. पुन्हा आत जाता येईना.

“तू पाहिलं नाहीस, ओळ तुटली होती ते?”

“पाहिलं की. मला वाटलं, पडद्यात मावत नाही म्हणून खाली दिसतेय.”

त्याला वाटलं दुमडली. प्रत्यक्षात तुटली होती. किल्लीचा प्रकार सांगणारा पहिला शब्द वरच्या ओळीत राहिला, किल्ली खालच्या ओळीत. सर्व्हरच्या लेखी दोन्ही ओळी निरर्थक. शेवटी सर्व्हर जिथे ठेवला होता तिथल्या माणसाला कन्सोलपुढे बसवून दोन ओळी सांधाव्या लागल्या.

नॅनो असं का वागला? त्याचं घराणं पाहिलं की उलगडतं. नॅनो हा पिकोच्या वळणावर बेतलेला, आणि पिको हा पाइन या ईमेल प्रोग्रामचा पत्रं लिहिण्याचा भाग. पत्रात लांब ओळी तोडणं हा शिष्टाचारच होता. वाचणाऱ्याच्या ऐंशीच्या पडद्यावर उत्तर देताना पुढे चिन्हं लागतात, त्यांना जागा हवी. नॅनोही खिडकीच्या रुंदीतून आठ वजा करून ओळ तोडायचा. ऐंशी वजा आठ: पुन्हा बहात्तर! पत्राला शोभणारी ही सवय कॉन्फिगरेशन फाइलला घातक होती, म्हणून जाणते लोक तोडणं बंद करणारा पर्याय देऊनच नॅनो उघडत. अखेर २०१९ साली ४.० आवृत्तीत हे आपोआप तोडणं मुळातच बंद झालं.

ईमेलने उलट्या दिशेनेही छळलं आहे. लिनक्स कर्नलमधले बदल आजही पॅच म्हणून साध्या ईमेलमधून पाठवले जातात. पॅचची प्रत्येक ओळ मूळ फाइलशी अक्षर न् अक्षर जुळावी लागते. मध्ये एखाद्या मेल प्रोग्रामने सौजन्य दाखवून लांब ओळ तोडली, की पॅच बाद. नवख्यांची पहिली कामगिरी अशी परत आल्याची उदाहरणं इतकी, की कोणत्या मेल प्रोग्राममध्ये काय बंद करायचं याचं वेगळं प्रकरणच कर्नलच्या दस्तऐवजांत आहे. जीमेलच्या वेबपानावरून पॅच पाठवूच नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

शंभरावर तडजोड

त्याच कर्नलमध्ये २०२० सालच्या मे महिन्यात ऐंशीचा बुरूज ढासळला. लिनक्सचे कर्ते लायनस टोर्वाल्ड्स यांचं म्हणणं असं, की आता कुणी ऐंशीच्या टर्मिनलवर बसत नाही. त्या मर्यादेपायी ओळी तोडत राहिलं की कोड वाचायला आणि शोधायला अवघड होतो. तपासणी करणाऱ्या स्क्रिप्टची इशारा देण्याची रेषा ऐंशीवरून शंभरावर गेली. शैलीच्या नियमावलीत मात्र ऐंशी ही पसंतीची मर्यादा म्हणून अजून आहे. पाहुण्याला दार उघडलं, पण पायपुसणं तिथेच ठेवलं!

कर्नलच्या नियमांतली एक गोष्ट मी आमच्या टीममध्ये जशीच्या तशी उचलली आहे: वापरणाऱ्याला दिसणारा संदेश कितीही लांब होवो, तो तोडायचा नाही. त्यामागचं कारण मला एका रात्री कळलं. ग्राहकाने चुकीच्या संदेशाचा फोटो पाठवला होता. तो मजकूर मी सगळ्या कोडमध्ये शोधला, कुठेच सापडेना. आमच्याच प्रोग्रामचा संदेश आमच्याच कोडमध्ये नाही! शेवटी अर्धाच मजकूर शोधला तेव्हा उलगडलं: कुणीतरी ऐंशीचा नियम पाळायला वाक्य मधोमध तोडून दोन ओळींवर ठेवलं होतं. पडद्यावर ते अखंड दिसत होतं, शोधणाऱ्याला दोन तुकडे. ज्याने तोडलं तो नियमाने बरोबर होता, आणि त्यामुळेच मी जागा होतो.

अठ्ठ्याऐंशी कुठून आले?

पायथनवाल्यांची नियमावली, पेप-८, २००१ची. तिच्यात मर्यादा ७९. ऐंशी नाही, कारण काही एडिटर शेवटच्या रकान्यात ‘ओळ पुढे चालू’ची खूण दाखवतात, तिला घर सोडायचं. अरुंद ओळीचा मोठा लाभही तिथे सांगितला आहे: दोन फाइली शेजारीशेजारी उघडता येतात. डहाणू रोड ते चर्चगेट हे सुमारे १२४ किलोमीटरचं अंतर लोकलने कापताना मांडीवरच्या लॅपटॉपवर जुनी आणि नवी फाइल ताडून पाहिली की हा मुद्दा पटतो. मोठ्या पडद्यापुढे बसलेला सहकारी दीडशे अक्षरांची ओळ लिहितो आणि म्हणतो, “रॅप लाव ना!” लावतो. पण दुमडलेल्या ओळींत डावीकडची आणि उजवीकडची ओळ समोरासमोर राहत नाही, आणि काय बदललं ते शोधण्यातच वसई निघून जाते.

मग २०१८ साली वुकाश लांगा यांनी ब्लॅक नावाचा फॉरमॅटर आणला. तो पायथनचा कोड स्वतःच्या शिस्तीने पुन्हा मांडतो आणि तुमचं मत फारसं विचारत नाही. त्याची मर्यादा ८८, म्हणजे ऐंशीवर दहा टक्के. थोडी मोकळीक दिली की फाइली बऱ्याच आटोपशीर होतात, असा त्यामागचा हिशेब. गो भाषेच्या फॉरमॅटरने तर लांबीच्या वादात पडायचंच नाकारलं: जागा आणि रांगा तो लावतो, ओळ कुठे तोडायची ते तुम्ही बघा. आमच्या टीमने ब्लॅक लावला आणि कोडमधल्या ओळींवरचं भांडण एका दुपारी संपलं. ८८ सगळ्यांना आवडला म्हणून नव्हे, तर यंत्राशी भांडून उपयोग नव्हता म्हणून.

चिखले म्हणजे किती?

कोडचं मिटलं, मराठीचं मिटेना. खुल्या सॉफ्टवेअरचं भाषांतर पीओ नावाच्या फाइलींत होतं: वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी. ही फाइल हाताळणारी गेटटेक्स्टची साधनं लांब वाक्यं ऐंशीच्या आसपास तोडून ठेवतात. मी एका साधनाने तोडली, पुण्यातल्या सहकाऱ्याने दुसऱ्याने. मी एक शब्द सुधारला, त्याच्याकडे अख्खी फाइल बदलल्यासारखी लाल-हिरवी. लोकलच्या बाकावर चौथा माणूस टेकला की खिडकीपर्यंत सगळ्यांना सरकावं लागतं. परिच्छेदात एक शब्द वाढला की पुढची प्रत्येक ओळ तशीच सरकते, आणि तपासणाऱ्याला बदललेला शब्द सोडून सगळं दिसतं.

तरी मूळ दुखणं खोल होतं. ऐंशी म्हणजे ऐंशी काय? गावाचंच नाव घ्या: चिखले. शाळेतलं पोर सांगेल, अक्षरं तीन. पायथनला लांबी विचारली तर तो म्हणतो पाच, कारण युनिकोडमध्ये च, वेलांटी, ख, ल आणि मात्रा अशा पाच खुणा आहेत. यूटीएफ-८मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे फाइलमध्ये पंधरा बाइट. आणि टर्मिनलचा रूढ हिशेब म्हणतो चार रकाने: मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते म्हणून तिला जागा शून्य, वेलांटी शेजारी उभी राहते म्हणून तिला एक. तीन, चार, पाच, पंधरा. एकाच नावाची चार उत्तरं, आणि आपापल्या जागी चारही बरोबर.

बाइट मोजणाऱ्या साधनाला ऐंशीला तोडायला सांगितलं, तर मराठीच्या वाट्याला सव्वीस खुणा येतात आणि वाक्य चार-पाच शब्दांत संपतं. फोल्डसारखं जुनं साधन तर अक्षराच्या तीन बाइटांमधूनच सुरी फिरवायचं. कडेला काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवायचं. जोडाक्षरांची कथा वेगळीच. क्ष हे एक अक्षर, पण आत तीन खुणा: क, हलन्त, ष. असं जोडाक्षर एकसंध धरावं, मध्ये फोडू नये, हा नियम युनिकोडच्या अक्षरगटांच्या व्याख्येत आला तो थेट २०२३ साली, १५.१ आवृत्तीत.

एडिटरमधली ऐंशीची उभी रेघही मराठीपुढे खोटं बोलते. कोडच्या फाँटमध्ये प्रत्येक रोमन अक्षर सारख्या रुंदीचं. मराठी आलं की एडिटर बहुधा दुसऱ्या फाँटकडे वळतो, जुन्या विंडोजवर पुष्कळदा मंगलकडे वळायचा. तो घडवला र. कृ. जोशी यांनी, आणि देवनागरीच्या स्वभावाप्रमाणे त्यात र अरुंद आणि क्ष ऐसपैस आहे. अशा लिपीला समान रकान्यांत बसवणं म्हणजे पंच कार्डाच्या भोकांचं माप तिच्या अंगावर चढवणं.

तोडायचं तर अर्थाशी

शेवटी तोडगा सापडला तो जुन्या कागदांत. ब्रायन कर्निगन यांनी १९७४ साली युनिक्सच्या नवशिक्यांसाठी एक टिपण लिहिलं. त्यात सल्ला होता, की मजकूर टंकताना प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा आणि ओळ तोडायची तर ती स्वाभाविक जागी, म्हणजे स्वल्पविरामानंतर किंवा वाक्याच्या सांध्यावर. छापताना परिच्छेद सलग होईलच. पण पुढे दुरुस्ती करताना एका वाक्याचा बदल त्याच्याच ओळीत राहील.

आम्ही पीओ फाइलींतलं आपोआप तोडणं बंद केलं, आणि मराठी मदतपानांना कर्निगनचा नियम लावला: एक वाक्य, एक ओळ. पडद्यात मावत नसेल तर ज्याने त्याने आपापल्या एडिटरात दुमडून घ्यावी. बाइट मोजा, रकाने मोजा की अक्षरं मोजा, पूर्णविराम सगळ्यांना एकाच जागी सापडतो. एक शब्द बदलला की आता एकच ओळ रंगते.

पहिल्याच आठवड्यात पुण्याहून तक्रार आली. माझी एक ओळ त्याच्या पडद्यावर सहा वळणं घेत होती.

“अरे, नियम तूच आणलास ना? एक वाक्य, एक ओळ.”

“नियम ठीक आहे,” तो म्हणाला, “पण दादा, हे वाक्य आहे की तालुका?”

वाक्य पुन्हा वाचलं. त्यात तीन ‘आणि’ होते, दोन ‘परंतु’ आणि एक ‘ज्यामुळे’. इतके दिवस ऐंशीला तुकडे होत असल्याने त्याची लांबी कुणाच्या नजरेत आली नव्हती. मी त्याची चार वाक्यं केली. तेव्हापासून आमच्याकडचा वाद ओळीच्या लांबीवरून वाक्याच्या लांबीवर गेला आहे, आणि तो मिटवणारा फॉरमॅटर अजून कुणी लिहिलेला नाही.